बटणाला सील नव्हते

संपादक महोदय,

आपल्या या स्तंभातील अनुभव मी आजवर वाचत आलो ते केवळ हरकत घेण्यासाठी. विहिरीपाशी दिसलेल्या बाईची हकीकत आपण छापलीत, तेव्हा 'साक्षीदार कोण, अंतर किती, उजेड कशाचा' असे विचारणारे पत्र मी आपल्याला धाडले होते. उत्तर आले नाही. स्मरणपत्रालाही नाही. ती तक्रार आजही कायम आहे. मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. लोक शपथेवर काय काय सांगतात ते मी उभी नोकरी ऐकले आहे. भास, चाहूल, 'कोणीतरी मागे उभे असल्यासारखे वाटणे' — यांपैकी कशालाही मी पुराव्याचा दर्जा दिलेला नाही.

म्हणून पुढील मजकूर लिहिताना मला स्वतःचाच संताप येत आहे, हे आरंभीच नमूद करतो.

आम्ही नेरूळला, सीवूड्सच्या बाजूला, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी मुलगी मृणाल सासर सोडून आमच्याकडे परत आली आहे. का आली, हा या पत्राचा विषय नाही. 'बघू, किती दिवस स्वतःच्या पायावर उभी राहतेस ते' असे तिला तिथे ऐकवण्यात आले होते, एवढे पुरे. तिने इमारतींचे नकाशे संगणकावर काढण्याचे शिक्षण घेतलेले आहे. बेलापूरच्या एका वास्तुविशारदाने तिला एका बंगल्याचे काम दिले आणि ते वेळेवर झाले तर घरी बसून कायमचे काम देण्याचे कबूल केले. त्यासाठी आम्ही एक वापरलेला संगणक घेतला होता.

बंगल्याचे चित्र सर्व बाजूंनी फिरवून दाखवायचे, तर जुने डिस्प्ले कार्ड पुरेना. मृणालने ते काढून वाशीच्या एका दुकानात बदली दिले, नवे आणले आणि स्वतः बसवले. बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. आतून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या. पुन्हा दाबले. पुन्हा त्याच शिट्ट्या. दुकानात फोन केला, तर जुने कार्ड तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून झालेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा इंजिनियर उगवला. त्याने कार्ड उपसले, कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासले, पुन्हा दाबून बसवले. मेमरी काढली, घातली. त्याच शिट्ट्या.

"ऐकलंत ना काका? डिस्प्ले कार्ड सापडत नाहीये त्याला."

"म्हणजे कार्ड सदोष आहे."

"कार्ड नवीन आहे. तुमचा मदरबोर्ड गेला."

"परवापर्यंत व्यवस्थित चालत होता तो!"

"परवा होता, आज गेला. माणसाचं नाही का तसं होत?"

मी त्याला दार दाखवले. जाता जाता तो मृणालला एवढे मात्र सांगून गेला की या बोर्डाला स्वतःची डिस्प्लेची सोय नाही. चांगले कार्ड बसल्याशिवाय पडद्यावर काहीही येणार नाही. हे वाक्य, महोदय, आपण ध्यानात ठेवावे.

मृणाल मुदत वाढवून मागायला बेलापूरला गेली. मी ग्राहक मंचाकडे जाण्याचा निर्णय घेतला. दुकानदार उद्या गुपचूप कार्ड बदलील आणि 'यंत्रात तुम्हीच काहीतरी केलेत' म्हणेल, अशी मला रास्त भीती होती. तेव्हा मी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी कांबळे आणि शेजारचे तांडेल यांना बोलावले. तांडेल मूळचे जवळच्या दिवाळे गावचे, गोदीत फिटर होते. त्यांनीच स्क्रू काढून कार्ड बाहेर घेतले. मी ते पाकिटात घालून लाखेची मोहर लावली आणि कपाटात कुलूपबंद केले. संगणकाचे झाकण परत लावून त्याच्या सर्व फटींवर सह्यांच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. मॉनिटरची तार कार्डालाच जोडायची असते. कार्ड नाही म्हणून ती टेबलामागे तशीच सोडून दिली.

"साहेब, खून झाल्यावानी केलाव तुमी," तांडेल म्हणाले. पण सही केली.

दुपारी मृणाल परतली. मुदत मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशे हवेतच, नाहीतर काम दुसऱ्याला, असे त्या वास्तुविशारदाने सांगितले होते.

"बाबा, हे काय चिकटवलंय?"

"पंचनामा केला. मुद्देमाल सीलबंद आहे."

"माझा कॉम्प्युटर मुद्देमाल? आणि आरोपी कोण, मी?" ती पट्ट्यांवरून बोट फिरवत होती. "हार्डडिस्क काढायचीय मला. वाशीला माझ्या मैत्रिणीच्या, संगीताच्या मशीनला जोडून ड्रॉइंग पुरं करते. ती थांबलीय माझ्यासाठी."

"पंचांशिवाय सील तोडता येणार नाही."

"मग बोलवा पंचांना!"

तांडेल दिवाळ्याला भावाकडे गेले होते, कांबळे कामावर. संध्याकाळपर्यंत दोघेही येणार नव्हते. मी तिला तसे सांगितले.

"तुम्हाला केस जिंकायचीय. मला पायावर उभं राहायचंय, बाबा. कळतंय का तुम्हाला?"

पुरावा एकदा बिघडला की बिघडला, हे माझे मत आजही बदललेले नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

"बटणाला सील नाहीये," ती म्हणाली आणि तिने बटण दाबले.

अगं, आत कार्डच नाही, ते कपाटात आहे, असे मी म्हणणार होतो. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात आतून एकच आखूड शिट्टी आली... आणि पडदा उजळला.

"बाबा! चालू झालं!"

अक्षरे धावली, खिडक्या उघडल्या, बंगला समोर आला. तिने तो फिरवून पाहिला. जुन्या कार्डावर अडखळत फिरायचा, तो आता सरसर फिरत होता. मी जागचा हललो नाही. आता बोललो तर हे विझेल, असे मला वाटले. का वाटले, त्याला कोणताही आधार नाही.

"चहा कराल का हो, बाबा?"

परत आल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. चहाचे आधण ठेवून मी आतल्या खोलीत गेलो, कपाट उघडले. पाकीट होते. लाख अखंड होती. कागदावरून बोटे फिरवली, तर आत कार्डाच्या कडा लागल्या.

बाहेर आलो. ती काम करत होती. नकाशातला जिना संपून गच्ची चालली होती. कप मी तिच्या हातात दिला नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. टेबलाला धक्का लागू नये म्हणून पंख्याखालची माझी खुर्चीही सरकवली नाही. खाडीकडून वारा येत होता तरी माझा सदरा पाठीला चिकटला होता. काही वेळाने तिने डोळे चोळले, "जरा पुढे घेते हं हा," म्हणाली आणि मॉनिटर दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. त्याबरोबर टेबलामागे, लादीवर, काहीतरी खरडत सरकल्याचा आवाज झाला.

तो मॉनिटरच्या मोकळ्या तारेच्या टोकाचा आवाज होता. पडदा जराही हलला नाही.

दिवेलागणीला तांडेल आले. दार उघडेच होते. "अरे वा, चालू झाला!" म्हणत ते दोन पावले आत आले आणि थबकले. "साहेब, पन त्यान तं कार्डच..."

मी हात वर केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, सील पाहिले आणि वाकून टेबलाखाली डोकावले. उठायला त्यांना वेळ लागला.

"तांडेलकाका, काय शोधताय?" मृणालने मान न वळवता विचारले.

"काय नाय गो, चप्पल."

"घरात चप्पल घालून आलात?"

"नाय आलू, म्हनून तं गावत नाय."

ती हसली. तांडेलांनी माझे मनगट धरून मला स्वयंपाकघरात नेले.

"वायर खाली परली हाय, साहेब. कशालाच लावलेली नाय."

"मला माहीत आहे."

"तिला सांगू नुको. पोरीचा काम होऊन जाऊ दे."

आम्ही दोघे दारात उभे राहिलो. मी जन्मात इतका वेळ काहीही न बोलता उभा राहिलेलो नाही. एकदा ती थांबली, पडद्याकडे रोखून पाहू लागली, तेव्हा तांडेलांनी श्वास धरल्याचे मला ऐकू आले. तिने फक्त बंगल्याची एक खिडकी पुसून बाजूला घेतली. मग फ्लॉपी घातली. ती घरघरत राहिली, थांबली, पुन्हा घरघरली. अखेर मृणालने फ्लॉपी बाहेर काढली, उलटसुलट पाहिली आणि संगणक रीतसर बंद केला.

"आता सील ठेवा, तोडा, काय हवं ते करा," असे म्हणून ती वाशीला प्रिंट काढायला निघूनही गेली.

तिची पावले जिन्यावरून उतरल्यावर मी बटण दाबले. एक लांब, दोन आखूड. पडदा काळा. कांबळे आल्यावर तिघांदेखत पट्ट्या तपासल्या. एकही फाटलेली वा उचकटलेली नव्हती. झाकण उघडले. कार्डाची खाच रिकामी होती.

त्या वेळचा पंचनामा आम्ही केला नाही. काय लिहिणार होतो?

मृणालचे नकाशे पसंत पडले आणि तिला काम मिळाले. ती ते आजही करते. ते कार्ड दुसरीकडे तपासले, तर मृतच निघाले. माझ्या नोटिशीनंतर दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिले. तक्रारीच्या मसुद्यात 'त्या दिवसापासून पडद्यावर चित्र आलेच नाही' असे वाक्य होते. ते शपथेवर लिहिणे मला शक्य नव्हते, म्हणून मंचाकडे गेलो नाही. त्या उर्मट इंजिनियरला धडा शिकवायचा राहिला, याची चीड अजून आहे.

एका इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांना मी सर्व हकीकत कळवली. 'तार जोडलेली असावी, आपल्या स्मरणात चूक होत आहे,' असे त्यांनी दोन ओळींत उत्तर दिले. त्यांना मी सविस्तर प्रत्युत्तर पाठवले आहे. तांडेल आणि कांबळे यांची उलटतपासणी कोणीही, केव्हाही घ्यावी.

मृणालला यातले काहीच ठाऊक नव्हते. सील लावताना आतले काहीतरी हलले असेल आणि कार्ड नीट बसले असेल, असे ती समजून होती. आपल्याकडे धाडण्यापूर्वी हा मजकूर मी तिला वाचायला दिला. तिने तो शांतपणे वाचला, पाने जुळवून माझ्या हातात दिली.

"तुम्ही गप्प राहिलात, बाबा," ती म्हणाली. "घाबरून, की माझ्यासाठी?"

महोदय, उजळलेल्या पडद्याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तिच्या या प्रश्नाचे उत्तरही मी अद्याप देऊ शकलेलो नाही.