चिंचेनं घासलेले दगड

केळापूर तालुक्यातल्या त्या तांड्यात लखीरामाइतका ताठ माणूस दुसरा नव्हता. कारण होतं मीठ. त्याचा आजा बैलांवर मीठ वाहायचा. वाटेत पाऊस लागला की गोणी हलकी भरायची आणि व्यापारी आज्याला चोर म्हणायचा. आजा गेला, बैल गेले, पण तो शब्द लखीरामला अजून टोचायचा.

१९५९ साली नागपूरहून एक साहेब आला. वाहतं पाणी दगडाला वर्षाकाठी किती विरघळवतं, हे त्याला मोजायचं होतं. चुनखडीचे सहा तुकडे तोलून, जाळीत घालून त्यानं नाल्यात सोडले आणि राखणीला लखीरामला नेमलं. गावचे बाबाराव जळफळले. ती राखणीची नोकरी त्यांना भाच्यासाठी हवी होती ना! चहाच्या टपरीवर बसून म्हणायचे, "दगडाले राखणदार! उद्या वाऱ्याले कुलूप लावतीन."

वर्षानं साहेबानं चावडीवर तराजू मांडला आणि त्याचा चेहराच पालटला.

"पाण्यानं इतकी झीज होतच नाही. खरवडून चुना विकलास का रे?"

"यायच्या रक्तातच हाय ते," बाबाराव बोलले. अशा वेळी ते न बोलावता हजर असायचे.

लखीराम तडक घरी गेला आणि बायकोवर, हंसाबाईवर, बरसला. "दगडाले हात लावला काय तू?"

"लावला! शेवाळ चढलं होतं. लोकाचा माल लख्ख परत द्यावा, तुमीच म्हन्ता नं? मंग हातातले कडे घासतो तसे दर बाजाराच्या दिशी चिंचेनं घासले. माह्यावर काहून वरडता?"

लखीराम चिंच घेऊन चावडीवर परतला. "बायकोनं चिंचेनं घासले," म्हणत कोळ दगडावर पिळला. बारीक फेस आला. साहेब आधी चकित झाला, मग पोट धरून हसला.

"चिंचेच्या आंबटानं चुनखडी खाल्ली! वर्ष वाया गेलं माझं! बरं, चोर नाहीस तू. राहा कामावर."

"चोर भर चावडीत म्हटलं साहेब. एवढ्यात टपरीवरही पोचलं असंन. आता तिथं चला, चोर नाही म्हनून सांगा."

साहेबानं घड्याळ पाहिलं. "मला वेळ नाही."

लखीरामनं जाळी त्याच्या पायाशी ठेवली. "मंग तुमीच राखा."

राखणीला भाचा लागला. टपरीवर 'चोर' शब्द मात्र तसाच राहिला, बाबारावांनी तो पुसू दिला नाही. साठ साल उलटलं, पासष्ट आलं, तरी लखीराम त्यांच्याशी बोलला नाही. आणि घरात? वरणातसुद्धा चिंच पडू दिली नाही. हंसाबाई हातातली कडी राखेनं घासायची, शिव्या देत.