अळंबीवाले शेजारी

पावसाळ्यात आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी रोज सकाळी टेकडीवर चिखलात पालथे पडून अळंबीचे फोटो काढतात. माणसांशी तुटक बोलणारे हे गृहस्थ अळंबीला मात्र "अहो, जरा थांबा, ऊन येऊ द्या" म्हणतात. "ही खातात का?" असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "मंडई उघडी आहे."

रविवारी टेकडीवर त्यांची पाठ वळताच मी त्यातली ओंजळभर उपटली आणि घरी बायकोला सांगितलं, "त्यांनीच पारखून दिलीत." त्यांचं नाव ऐकून तिने निर्धास्तपणे ती कढईत टाकली. मला भीती वाटू लागली, पण खरं बोलवेना. तेवढ्यात ते आमचं वर्तमानपत्र परत द्यायला आले.

"तुम्ही दिलेली अळंबी करतेय, जेवूनच जा," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन गॅस बंद केला. "वहिनी, चूक माझी. भलतीच दिली. टाकून द्या."

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेलो.

"मी तिला खरं सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. आधी कढई घासा. आणि उद्या टेकडीवर या, हात खिशात घालून."