येनाचा भाव आणि घरातला कापूस

आंजीच्या स्टँडवर वर्ध्याची एसटी लागली होती आणि बाबा माझी बॅग पुन्हा एकदा भाजीच्या काट्याला लटकवून पाहत होते. विमानवाले वजन धरतात हे कळल्यापासून त्यांचा काट्यावर फार जीव जडला होता. जवसाच्या चटणीचा एक डबा जास्त भरत होता. आईनं तो काढून माझ्या हातात दिला. "हातातल्याले कोन तोलते?"

पानठेलेवाल्या काकांनी विचारलं, पोरगी कुठं निघाली? बाबा छाती फुगवून म्हणाले, "जपानले. म्हाताऱ्या मानसांची सेवा कराची नोकरी हाय." काकांचा पुढचा प्रश्न, तिकडच्या पैशाचा भाव काय? मी खरं सांगून टाकलं, एका येनाला आपले बारा आणेही येत नाहीत. बाबांचा चेहराच उतरला. "काऊन वं सुमे, आपल्या रुपयाहून हलका पैसा? मंग इतक्या दूर काऊन जाऊन राह्यली?" तिथं पगार लाखांत मोजतात, एवढं सांगेपर्यंत बस हलली. खिडकीतून पाहिलं तर बाबा दोन्ही हात पसरून काकांना लाख केवढे असतात ते दाखवत होते.

नागोयातल्या मैत्रिणींनो, येन तळाला असताना मी का परतले असं तुम्ही अजून विचारता. त्याचं उत्तर आमच्या पुढच्या खोलीत आहे. वेचणी झाली की तिथं कापूस रचायचा आणि भाव चढेपर्यंत राखायचा, ही आमच्याकडची रीत. आम्ही पोरं त्या ढिगावर लोळायचो आणि अंग खाजवत शाळेत जायचो. पडत्या भावात बाबांनी उभ्या आयुष्यात कापूस विकायला काढला नाही आणि त्याचा त्यांना भारी तोरा. एका वर्षी राखता राखता कापूस पिवळा पडला, व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. त्याबद्दल घरात फक्त आई बोलायची.

नागोयात मी म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचे, भरवायचे, त्यांची गाणी ऐकायचे. कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचे गोळे आणून जवसाच्या चटणीशी खायचे. बेत साधा होता. तीनेक वर्षं कमवायचं, परत यायचं आणि बाबांच्या वावरात शेडनेट उभारून भाजीची रोपं तयार करून विकायची. बापलेकीचा धंदा. साठवलेले येन रुपयांत बदलून घ्यायचे आणि विमानात बसायचं. नेमका तेव्हाच येन घसरायला लागला.

बाबांनी फर्मान काढलं, "बदलू नको. पडू दे तिकडंच." मग त्यांना जुने भाव हवे झाले. मी फोनवर शोधून वाचून दाखवायचे. मी निघाले तेव्हा शंभर येनाला सत्तरच्या आसपास रुपये. त्याच्या काही वर्षं आधी पार पन्नाशीजवळ, आणि त्याही आधी पुन्हा वर. "पाह्य," बाबा खूश व्हायचे, "पडलता अन् चढलाच ना? हे तं आपल्या कापसावानीच हाय." बाजारात भाजी विकून आले की सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, काय भावानं गेली ते सांगायचे आणि लगेच विचारायचे, "तुहा येन कुठं हाय?" पानठेल्यावर म्हणे लोक जपानचा भाव त्यांनाच विचारत.

येन साठीखाली गेला आणि तिथून आणखी खाली. माझा पगार वाढायचा, पण रुपयांत मांडला की जिथल्या तिथं. बेतातली वर्षं केव्हाच उलटली. मला घरी जायचं होतं, फार जायचं होतं, आणि गंमत म्हणजे कुणी अडवलेलंच नव्हतं. भावाची वाट पाहत मीच बसले होते. शेवटी लेक कुणाची! एकदा फोनवर आमची भावाची चर्चा रंगली असताना मागून आईचा आवाज आला, "कापूस ठेवला तं पिवळा पडला. आता पोरगी ठेवून पाहा."

मग एकदा बाबांचा फोन भर कामाच्या वेळी आला.

"भाव काय हाय?"

मी सांगितला.

"म्हंजे मातीतच हाय."

"हो. पण चढेल बाबा. मागं पण..."

"चढंन तवा चढंन. तू काढून टाक अन् येजो."

मी चादरींच्या खोलीत जाऊन गठ्ठ्यावर बसले आणि रडता रडता हसले. ते दोन शब्द, "काढून टाक", बाबांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. त्यांना ते किती जड गेले असतील ते मलाच माहीत.

आता शेडनेट उभं आहे, ठरवलं होतं त्याच्या निम्मं. उरलेल्या जागेत सध्या तूर आहे. खोटं कशाला बोलू, भाताच्या गोळ्यांची आठवण येते, तुमची त्याहून जास्त येते. पण सकाळी उठून कुठलाही भाव न पाहता मी चहा पिते, आणि एवढं मला घर म्हणायला पुरतं.

परवा पानठेलेवाले काका मुद्दाम वावरापर्यंत आले. येन चढला म्हणे. मी बाबांकडे पाहिलं. ते वांग्याच्या रोपांना पाणी देत होते.

"चढू दे," म्हणाले, आणि झारी माझ्या हातात दिली.