पूर्वेच्या खांबाची ओल

सगळ्यात आधी टपकली ती शेवंता. फाटकातूनच ओरडत... "अवं चाल, आपली टाकी पाडून राहिले!" कुहीला भाचीच्या लग्नाला गेलेली बाई, कालच परतली, तरी बातमी आधी हिच्याकडेच. चहा तसाच ठेवून मी बागेत धावले.

आमच्या बागेतली ही जुनी पाण्याची टाकी म्हणजे आठ दगडी खांब, त्यांवर विटांच्या कमानी, आणि वर लोखंडाची गोल टाकी. आमच्या ह्यांनी तिथे तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवला. आता टाकी रिकामी, आणि हे भिंतीवरच्या फोटोत.

महापालिकेचे एक साहेब आणि एक इंजिनियर मॅडम आले होते. मॅडम कमानीवर हात फिरवत म्हणाल्या, "सगळं चुन्यातलं काम! किती सुंदर..." माझा जीव सुखावला. तेवढ्यात साहेब पूर्वेच्या खांबाशी थांबले. तळाशी हिरवी ओल. "पायात पाणी मुरतंय. पाडलेलीच बरी," म्हणाले आणि कागद काढला.

ती ओल कुठली, ते शेवंता धरून आम्हा अकरा जणींना ठाऊक होतं... पूर्वेच्या कमानीत उगवता सूर्य बरोब्बर मधोमध दिसतो. म्हणून सकाळचं फिरणं झालं की त्या खांबापाशीच आम्ही अर्घ्य द्यायचो. रोज अकरा तांबे, आणि तेही बारा वर्षं!

शेवंतानं चिमटा काढला. "चूप राह्य वं! बागेत येनंच बंद करतील आपलं." खरंच केलं असतं त्यांनी. पण साहेबांचं पेन चालू झालं होतं... आणि मला ह्यांचा व्हॉल्व्हवरचा हात दिसायला लागला.

"साहेब, ते पाणी जमिनीतलं नाही. आमचं आहे जी." खांबामागे लपवलेले तांबे काढून त्यांच्यापुढे मांडले.

मॅडम पुढे झाल्या, एकेक करत बाकीचे सातही खांब बुडाशी चाचपून आल्या. सगळे कोरडे ठणठणीत!

"काहून नाही सांगितलं आजी आधी?" साहेब म्हणाले.

"तुम्ही इचारलं कुठं?" माझ्या तोंडून निघून गेलं. हसले हो साहेब! म्हणाले, इथं एक थेंब पाडू नका, खांब वाळला तर टाकी राहील.

तेव्हापासून अर्घ्य गुलमोहराच्या बुडाशी. सूर्य फांद्यांत अडकतो, घेतो चालवून... आज हात लावून पाहिला, वरची वीतभर ओल गेलीय. नागपूरचं ऊन आहे, करेल आपलं काम. साहेब आणि मॅडम येत्या बुधवारी सकाळी बघायला येतो म्हणालेत.