डाव्या पायाचं माप

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याविषयी कोणी कधी लिहील असं मला वाटत नाही. आयुष्यभर त्यांनी गाड्यांच्या पोटाखाली पाठ टेकून काम केलं, आणि तिथे निजलेल्या माणसाचे रस्त्यावरून फक्त बूट दिसतात. मला लिहायची सवय नाही. चार ओळींच्या पत्रालाही मला दोन दिवस लागतात. पण जे घडलं ते पुरतं आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि दाजी काही लिहिणार नाहीत.

त्यांची शेड घरामागेच होती. आत तेलाने काळा झालेला खड्डा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार खडूने काढलेला. पाना परत टांगला नाही की भिंतच चहाडी करायची. मापं ते खडूने शेडच्या लोखंडी दारावर लिहीत. "कागद हरवतो. दार कुठे जातंय?" असं म्हणत. ताईने एकदा ते दार साबणाने स्वच्छ धुतलं, तेव्हा दाजी तीन दिवस पाहुण्यासारखे मुकाट जेवले. दुसऱ्याच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या टेपवरही एकदा मोजून बसत नसे. पाना फिरवताना ते लोखंडाशी बोलत, आणि अडलेल्या प्रत्येक नटाला 'बया' म्हणत. एका डोळ्यात तरुणपणी लोखंडाची कपची गेली होती, त्यामुळे लायसन कधी मिळालं नाही. मोडलेली कुठलीही गाडी धावती करायचे, पण चालवायची ती शेडच्या दारापर्यंतच.

माझा ट्रक जुना होता. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचं, हा माझा धंदा. ट्रक ऑटोमॅटिक होता. म्हणजे क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, डाव्या पायाला कामच नाही. माझ्या लेखी त्या ट्रकचं सगळं मोल एवढ्याच गोष्टीत होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक कपाट उतरवताना मी फळीवरून पाठीवर पडलो होतो. डॉक्टर म्हणाले, मणक्यात शीर दबली आहे. तेव्हापासून डावं पाऊल चालताना साथ द्यायचं, पण जोर धरायचं नाही. जमिनीला थोडं घासायचं. ताईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, बूट ढिले आहेत. तिने नवे बूट आणले. ते घासले तेव्हा म्हटलं, हे जड आहेत. तिने आणखी एक जोड आणला. पायाचं कळलं असतं तर तिने मला ट्रकवर चढू दिलं नसतं, आणि ट्रकशिवाय मला दुसरं काहीच येत नव्हतं.

मग एका चढावर ट्रकने दम सोडला. इंजिन ओरडतंय आणि चाकं ढिम्म. ओढत शेडपर्यंत आणला. दाजींनी गिअरबॉक्सच्या तेलात बोट बुडवून आधी स्वतः हुंगलं, मग माझ्या नाकाखाली धरलं.

"काय येतोय वास?"

"जळका."

"आतून भाजलीय ही बया. हिच्या पोटात काय चालतं ते हिचं हिलाच ठाऊक. पार्टही मिळत नाहीत आता." त्यांनी बोट पुसलं. त्यांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळला होता. "पण ऐक. भंगारवाल्याकडे ह्याच जातीच्या ट्रकचा साधा गिअरबॉक्स आलाय, हाताने टाकायचा. क्लच, पेडल, सगळं सोबत. हा देऊन तो घ्यायचा. मी स्वतः बसवतो. मग तू म्हातारा होशील, गिअरबॉक्स होणार नाही."

"पण दाजी..."

"पण काय?"

ताई चहा घेऊन आली होती. "त्याला काय विचारता? मुलगी बघायला नेलं तेव्हाही तो 'पण' एवढंच म्हणाला होता."

दाजी हसले. मला ते लाडाने मुक्या म्हणत. "बोल मुक्या, चालेल ना?"

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. जुना गिअरबॉक्स जॅकवर खाली आला, साखळीने उचलून त्याच्या टेम्पोत चढला. मी एका बाजूने हातही लावला. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बोलता आलं असतं. मी गंजलेल्या बोल्टांचा डबा धरून उभा होतो.

काम सतरा दिवस चाललं. उजेडासाठी बॅटरी धरायला मी असायचोच, दुसरं काम नव्हतं. नवीन गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक इंजिनाच्या मागच्या भोकात बसावं लागतं. दाजींनी सगळ्यात आधी ते भोक तीन वेळा मोजलं. "लोक हे शेवटी बघतात, आणि मग गिअरबॉक्स छातीवर घेऊन रडतात," ते म्हणाले. मग फ्लायव्हील बसलं, क्लचप्लेट बसली. तळाचा आडवा दांडा कापून मागे सरकवला. कॅबिनच्या तळाला गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडलं, आणि त्याच्या कडा कानशीने इतक्या गुळगुळीत केल्या की त्यात लहान मुलाने हात घालावा. रोज संध्याकाळी दार नव्या मापांनी भरायचं. मी ते वाचायचो आणि रोज ठरवायचो, उद्या सांगू. पण एकेक दिवसाने सांगणं जड होत गेलं. पहिल्या दिवशी नुसती अडचण सांगायची होती. दहाव्या दिवशी त्यांची दहा दिवसांची मेहनत पाण्यात घालायची होती.

पेडल बसवायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "चढ वर. तुझं माप घेतो."

"माझं कशाला?"

"मग काय शेजाऱ्याचं घेऊ? क्लच दिवसातून हजारदा दाबायचा असतो. पायाच्या मापात नसेल तर कंबर जाते."

त्यांनी टेपने सीटपासून माझ्या टाचेपर्यंत मोजलं, तीनदा. मग खाली वाकून, पेडल जिथे येणार तिथे आपला तळहात आडवा धरला. "दाब. किती जोर आहे बघू. त्या मानाने स्प्रिंग लावतो."

खरं सांगायला याहून चांगली संधी देवानेही दिली नसती. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, अंग मागे सीटला रेटलं, आणि कंबरेतून अख्खा पाय ढकलला. पाऊल नाही, सगळं शरीर ढकललं.

"अरे हळू! हात मोडशील!" दाजी खुशीत ओरडले. "बघितलंस? घोड्याची लाथ आहे तुझी."

दारावर त्यांनी आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'जोर भरपूर'. माझा पाय आखूड, म्हणून पेडलवर दोन बोटं जाडीचा लोखंडी ठोकळा घासून बसवला, वर टायरचं रबर लावलं.

अठराव्या दिवशी सकाळी ट्रक सुरू झाला. ताई पदराला हात पुसत दारात आली. मी क्लच दाबला, म्हणजे कसाबसा दाबला. पहिला गिअर टाकला. पाऊल सुटलं, ट्रकने उडी मारली आणि बंद पडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो समोरच्या रिकाम्या पिंपावर आदळला.

"इतकी वर्षं नवाबासारखा चालवलास ना, सवय गेली," ताई म्हणाली.

दाजी हसले नाहीत. "क्लच जड झालाय. चूक माझी आहे," असं म्हणून ते खाली शिरले. तासाभराने वर आले. "आता बघ."

"हलका झाला, दाजी," मी म्हणालो. पुन्हा बंद.

हे तीन दिवस चाललं. ते खाली जायचे, स्प्रिंग बदलायचे, तेल बदलायचे, हवा काढायचे. मी वरून म्हणायचो, हलका झाला. सतरा दिवस न थकता राबलेला माणूस ह्या तीन दिवसांत वाकला. मी त्यांना जेवताना स्वतःचेच हात न्याहाळताना पाहिलं.

चौथ्या दिवशी ते खाली न जाता ट्रकच्या पायरीवर येऊन उभे राहिले. ते आल्याचं मला कळलंच नाही. मी पॅन्टचा गुडघा चिमटीत धरून डावा पाय उचलत होतो आणि पेडलवर ठेवत होतो.

त्यांनी माझ्या पायाकडे बोट केलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"तुझ्या ताईला माहीत आहे?"

"नाही."

"मग ते बूट?"

"बूट बरोबर होते."

"आणि त्या दिवशी? माझा हात?"

"स्टिअरिंगला लटकून दाबला."

त्यांनी आपला तळहात उलटून पाहिला. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवरून उतरले, हात धुतले आणि म्हणाले, "चल, भंगारवाल्याकडे जाऊ. जुना गिअरबॉक्स मिळाला तर तोच उघडून बघतो."

भंगारवाल्याने आम्हाला मागच्या अंगणात नेलं. जुन्या गिअरबॉक्सचं कवच फुटून भट्टीला गेलं होतं. उरलेल्या चकत्या एका घमेल्यात होत्या. "आधी सांगायचं ना, काका," तो दाजींना म्हणाला. दाजी म्हणाले, "हो, माझं चुकलं." त्यांचं काय चुकलं होतं?

परत येताना रस्त्यात ते फक्त एकदा बोलले. "मला दोन डोळे असते ना, तर मीच चालवला असता तुझ्यासाठी." ताईला त्यांनीच सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. बुटांचे दोन्ही जोड तिने कपाटात वर ठेवून दिले.

ट्रक तीन महिने शेडबाहेर उभा होता. मग एक गिऱ्हाईक आलं. उंचापुरा माणूस होता, फर्निचर वाहायला त्याला ट्रक हवा होता. त्याने एक लांब फेरी मारली. ट्रक वळणावर दिसेनासा झाला, परत आला, आणि तो उडी मारून उतरला.

"गिअर कोणी बसवला हो? लोण्यासारखा पडतोय!"

दाजी फडक्याने बॉनेट पुसू लागले, म्हणून मी म्हणालो, "ह्यांनी." दाजींच्या कामाविषयी त्या सगळ्या दिवसांत मी खरं बोललो ते एवढंच.

"फक्त हे पेडल फार जवळ येतंय. माझा गुडघा अडतो. हा ठोकळा निघेल का?"

"निघेल की," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मुक्या, बॅटरी धर."

मी धरली. दोनच बोल्ट होते. त्यांनी रबर सोडवलं, मग ठोकळा. गिऱ्हाइकाने बसून पाहिलं, आता अगदी बरोबर म्हणाला. दाजींनी पाना भिंतीवर त्याच्या जागी टांगला. ठोकळा ते भंगाराच्या डब्यात टाकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो फडक्याने पुसला आणि खिशात घातला.

पुढे त्याचं काय केलं, ते मी त्यांना विचारलं नाही. शेडच्या दारावर मात्र माझं माप अजून आहे. पावसाने बाकीचा खडू पुसट झालाय, पण 'जोर भरपूर' हे वाचता येतं. ताई ते दार आता धूत नाही.