पाचट जाळा, असं मॅडम म्हणाल्याच नव्हत्या

"मॅडम, लई चांगलं सांगितलंत. काल अर्धं रान पेटवून मोकळा झालो. राह्यलेलं उद्या."

डॉ. सायमांचा फोन स्पीकरवर होता. बीडजवळच्या कृषी संशोधन केंद्रात मी शास्त्रज्ञांना मोबाईलवर व्हिडिओ करायला शिकवत होतो. सायमांचा व्हिडिओ आमच्या वर्गातला पहिला. विषय: ऊस तोडल्यावर शेतात उरणारा वाळला पाला, म्हणजे पाचट, जाळू नका. कित्येक वर्षं त्यांनी यावरच काम केलेलं. आणि माजलगावकडचे उत्तमराव त्यांचेच आभार मानून पाचट जाळत होते!

"अहो, मी जाळू नका म्हणाले!" सायमांचा आवाज चिरकला.

"न्हाई मॅडम. तुमच्याच तोंडून ऐकलंय. गावात सगळेच जाळायलेत."

नेमकं उलटं कसं पोचलं? मला राहवेना. मी फोन घेतला. "काका, व्हिडिओ कुठवर बघितलात?"

"सुरुवातीलाच कळलं की. मग पुढं कावून बघायचं?"

लगेच व्हिडिओ लावला. सायमा शांतपणे सांगत होत्या, "पाचट जाळल्याने कीड मरते, खोडवा जोमाने फुटतो..." खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस. मग या समजुतीचा इतिहास. 'परंतु' उगवला तो पार शेवटी. शोधनिबंधाची रीतच ती. आधी इतरांचं म्हणणं आदराने मांडायचं, मग खोडायचं. किती लोक कुठवर बघतात, हे ॲपमध्ये दिसतं. 'परंतु'पर्यंत जवळपास कुणीच टिकलं नव्हतं.

"पहिलं वाक्य निष्कर्षाचं घ्या," मी म्हणालो.

"पुराव्याआधी निष्कर्ष? माझे गाईड मला दारात उभं करणार नाहीत."

"गाईड पाचट जाळत नाहीत, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. उठून मागच्या प्लॉटमध्ये गेल्या. पाचटाचा थर बाजूला केला आणि खालची ओली माती कॅमेऱ्यासमोर धरली. "पाचट जाळू नका. जाळलं की ही ओल जाते." बस्स. व्हिडिओ तिथूनच उत्तमरावांना पाठवला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "राह्यलेलं न्हाई पेटवत. गावातबी सांगतो. पण मॅडम, जळालं त्याचं काय?"

आम्हा दोघांनाही फार वाईट वाटलं.

जुना व्हिडिओ आम्ही काढून टाकला. लोकांच्या फोनमधून तो कसा निघणार? अजून फिरतोय.

तेव्हापासून प्रत्येक वर्गात मी एवढंच सांगतो. शोधनिबंध शेवटपर्यंत वाचणं हे परीक्षकाचं कामच असतं. बाकीच्यांना निष्कर्ष आधी द्या. त्यांच्या खिशात काडीपेटी असते.