चाचांचा खोकला

रियाधच्या ओलाया भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात, विक्रीला सौदीच हवा या नव्या नियमानं, काउंटरवर सौदी तरुण आला होता. तिथले जुने विक्रेते, रत्नागिरीचे एक चाचा, दाराशी स्टुलावर चहा घेऊन बसले होते. मी माझ्या जुन्या डेस्कटॉपसाठी १.३५ व्होल्टची मेमरीची पट्टी मागितली. तरुणानं एक पट्टी पुढे केली आणि चाचा खोकले. त्यानं घाईनं लेबल वाचलं. पट्टी जास्त व्होल्टची होती.

“चाचा, तब्येत बरी आहे ना?” मी विचारलं.

“ठणठणीत! खाचेत दोन्ही बसतात हो, पण चुकीच्या पट्टीनं बोर्ड जाऊ शकतो. गिऱ्हाइकासमोर त्याला टोकू कसा? आता दुकान त्यालाच सांभाळायचंय. उद्या माझं कायमचं परतीचं विमान. मग कोण खोकणार?”

तरुणानं दुसरी पट्टी काढली, आधी लेबल वाचलं, मग चाचांकडे पाहिलं.

चाचांनी निवांत चहा संपवला.